उशाशी बसणारी बाई

माझ्या हातून झोपलेलं मूल मला ओळखत नाही. एखाद्या लग्नात कुणाची तरी आई मला पाहून थांबते, शेजारच्या ताडमाड पोराला म्हणते, "अरे, पाया पड मॅडमच्या, तुह्या हर्नियाच्या टाइमले ह्याच होत्या," आणि तो पोरगा माझ्याकडे असा बघतो की जणू मी मीटरचं रीडिंग घ्यायला आले आहे. त्याची काही चूक नाही. औषध नीट लागलं की आजूबाजूची आठवणही पुसली जाते. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकी मी त्याच्या डोक्यातून साफ गायब. नोकरी-प्रॅक्टिसच्या धबडग्यात याचं काही वाटलं नाही. आता घरी बसल्यावर वाटतं. खोटं कशाला बोलू, फार वाटतं.

मी लहान मुलांना भूल देणारी डॉक्टर. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि उमेदीचा बराचसा काळ या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर गेला. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मोठ्या हौसेनं दारावर पाटी लावली होती, नावाखाली 'भूलतज्ज्ञ'. आमच्या वऱ्हाडात बोलण्यात हिंदी अर्धीअधिक मिसळलेली, हे पाटी रंगवताना ध्यानात आलं नाही. एक म्हातारेबुवा पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भूल म्हंजे तं चूक ना जी? मंग ह्या बाई चुका करण्यात तज्ज्ञ हायेत काय?" नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. त्यानं गंभीर चेहऱ्यानं "घरात तरी तसाच अनुभव आहे" असं सांगितलं. पाटी उतरवली. तेव्हापासून मी 'बेहोशीवाल्या मॅडम', आणि ते नाव मला आवडतं.

लोकांना वाटतं की आम्ही एक इंजेक्शन देतो आणि चहा प्यायला जातो. झोपवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे झोपलेल्या मुलाचा श्वास चालू ठेवणं. मुलाची करंगळी बघा, त्याची श्वासनळी साधारण तेवढ्याच जाडीची असते. मोठ्या माणसाच्या नळीला जराशी सूज आली तर त्याचा घसा बसतो. तेवढीच सूज लहान मुलाला आली तर वाटच बंद होते. शिवाय झोपेत जीभ मागे पडते, कंठ कधी कधी चिडून मिटून बसतो, आणि मुलांकडे हवेचा साठा असा नसतोच. बिघडायला लागलं की भराभर बिघडतं. म्हणून सर्जन पोटापाशी असो की पायापाशी, मी कायम उशाशी. डाव्या हाताची बोटं मुलाच्या जबड्याखाली आणि उजव्या हातात रबराची छोटी पिशवी. मुलानं श्वास सोडला की ती फुगते, घेतला की बसते. यंत्रं आता सगळं आकड्यांत दाखवतात, पण तो आकडा बदलायच्या आधी पिशवी हाताला सांगते.

ती कोमट पिशवी मला आठवते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की माझा उजवा हात आपोआप वाटीसारखा होतो आणि हलकेच उघडमीट करत राहतो. नवरा त्यात रिमोट ठेवतो.

आमच्या कामात सगळ्यात मोठी भीती भरल्या पोटाची. झोपेत पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. म्हणून मूल रिकाम्या पोटीच लागतं. सुरुवातीला मी आईबापांना सांगायची, "उद्या सकाळी पोराला उपाशी आणा." यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. नांदगाव खंडेश्वरकडचं एक कुटुंब होतं, काळ्या शेतीचं, घरात माणसांची काही कमी नाही. मुलगा शाळेतही जायला न लागलेला, त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन. टेबलावर घेण्याआधी मी त्याच्या आत्याला विचारलं, "काही खाल्लं का यानं?"

"नाई जी. उपासच हाये त्याले."

"काहीच दिलं नाही?"

"अन्नाचा कण नाई पोटात."

मास्क लावायला वाकले तर पोराच्या हनुवटीला साबुदाण्याचा एक मणी चिकटलेला. मी हात मागे घेतला आणि आत्याला पुन्हा आत बोलावलं. तिनं काहीही न लपवता सांगितलं. साबुदाण्याची उसळ, वर दही, दोन केळी, आणि लेकराचं ऑपरेशन म्हणून राजगिऱ्याचा लाडू. घरातल्या सगळ्यांनी त्याच्या सोबतीनं उपास धरला होता.

"अहो, उपाशी म्हणजे काही खायचं नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मंग उपासाले काय खातेत जी तुमच्याकडे?" तिनं मलाच विचारलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि मला एक शब्द मिळाला: निरंकार. पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशा उपासाला आमच्याकडे हा शब्द आहे. "उद्या निरंकार" म्हटलं की बाकी काही समजवावं लागत नाही. पुढे शास्त्र बदललं, लेकरांना तासन्‌तास तहानेलं ठेवू नये, ऑपरेशनच्या थोडं आधीपर्यंत साधं पाणी द्यावं असं ठरलं. मग मी सांगू लागले, "निरंकार, पण पाणी चालतं." त्यावर एका आजीनं मला सुनावलं, "पाणी चालते तं मंग थो निरंकार कायचा?"

असे किस्से पुष्कळ. एक पैलवान बाप लेकराला मास्क लावताच दाराशी आडवा झाला आणि आम्हाला आधी त्याचे पाय वर करावे लागले. ऑपरेशन झाल्यावर सर्जनला पेढ्यांचा डबा आणि "त्या बाईले बी द्या एखादा" म्हणून मला पेढा, हे तर नेहमीचंच. मी तो खायची आणि रागावायची, एकाच वेळी.

पण ही सगळी मुलं एकदा भेटली आणि गेली. ईश्वरी तेवढी पुन्हा पुन्हा भेटली.

तिचे वडील श्रीकृष्णभाऊ. रिद्धपूरच्या पलीकडे त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा, झेंडू, शेवंती, थंडीत कोबी-फ्लावर. माणूस महानुभाव पंथातला. आला की दोन्ही हात जोडून "दंडवत मॅडम" म्हणायचा. पोरीचा आवाज बसलेला, झोपेत श्वासाला घरघर, आणि गावात वर्षभर दम्याची औषधं चाललेली. अकोल्याला माझा बॅचमेट सतीश कान-नाक-घशाचा सर्जन. त्यानं दुर्बीण घालून पाहिलं आणि मलाही दाखवलं. स्वरतंतूंवर मस उगवले होते, झुबक्यानं. विषाणूमुळे होतात. कॅन्सर नव्हे, पण श्वासाच्या वाटेवरच वाढतात. श्रीकृष्णभाऊंना समजावं म्हणून सतीश म्हणाला, "तुमच्याकडे फ्लावरचा गड्डा असतो ना, तसं आहे बघा आत."

"काढून टाका मंग."

"काढू. पण ते पुन्हा येतं. पुन्हा काढायचं. मूल मोठं होता होता बहुतेक वेळा थांबतं."

श्रीकृष्णभाऊ म्हणाले, "मंग हे फ्लावर नोय जी. ही हराळी होय. कितीबी उपटा, पुन्हा फुटते."

तेव्हापासून आम्ही तिघंही त्याला हराळीच म्हणू लागलो.

सतीशकडे त्या कामाची हत्यारं होती, म्हणून ऑपरेशन अकोल्याला. दर आठवड्याला मी तिकडे मुलांच्या ऑपरेशनांसाठी जायचेच. ईश्वरी आणि तिचे वडील पहाटेच्या एसटीनं अमरावतीला यायचे आणि तिथून माझ्या गाडीत बसायचे. यात माझा दयाळूपणा नव्हता. एकदा ते परस्पर एसटीनं अकोल्याला आले, आणि श्रीकृष्णभाऊंचा डोळा लागला तेवढ्यात शेजारच्या मायाळू बाईनं पोरीला अर्धा पुडा बिस्किटं चारली. त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. मग ठरवलं, आपली पेशंट आपल्याच आरशात दिसली पाहिजे. मी गाडी चालवायची, ती मागे बापाच्या मांडीवर, आणि माझी अर्धी नजर तिच्या तोंडाकडे.

ती कुजबुजल्यासारखी बोलायची. ऐकायचं तर एसी बंद करून काचाही मिटलेल्याच ठेवाव्या लागायच्या. उन्हाळ्यातसुद्धा मी ते करायची, कारण ती बोलायची फार मजेदार. "मॅडम, तुमी गाडी चालवून राहिल्या तं तठी बेहोशी कोण देऊन राहिलं?" मूर्तिजापूरला मी चहाला थांबायची. पोरगी उपाशी म्हणून श्रीकृष्णभाऊ चहाला शिवायचे नाहीत. ईश्वरीच त्यांना दटावायची, "प्या ना बाबा, मी पायत नाई तिकडं," आणि खरंच तोंड फिरवून बसायची.

एकदा मी विचारलं, "शाळेत मैत्रिणी आहेत का गं?"

"हायेत. पण मले हाक मारता येत नाई. बाबा वावराच्या त्या टोकाले, धुऱ्यावर असले ना, मी ताट वाजवतो. मंग ते पायतेत." आमच्याकडे मुलीही 'मी वाजवतो'च म्हणतात. तिनं ते अगदी सहज सांगितलं.

थिएटरमध्ये ती नर्सला मास्क धरू द्यायची नाही. स्वतःच्या हातानं नाकावर धरायची, दुसऱ्या मुठीत घरून आणलेली शेवंती. आणि गुंगी येण्याआधी दरवेळी तिचा एकच प्रश्न, "आवाज येईन ना मंग?"

"येईल."

थोडा यायचाही. काही आठवडे ती जाड्याभरड्या आवाजात बोलायची, श्रीकृष्णभाऊ फोन करून ऐकवायचे. मग हराळी पुन्हा पसरायची. तिला झोपवताना माझं सगळं कसब पणाला लागायचं. तिचा स्वतःचा श्वास क्षणभरही थांबू द्यायचा नाही. बाकीच्या मुलांचा श्वास मी थांबवू शकते आणि पिशवीनं देऊ शकते. तिचा थांबला असता तर पिशवीच्या हवेनं ते मस आत ढकलले जाऊन झाकणासारखे बसले असते. शिवाय वाट एकच, तिच्यातून सतीशला हत्यार घालायचं आणि मला हवा. तो एकदा कापायचा, मग मी म्हणायची, "हो बाजूला," आणि तिला दोन-चार श्वास घेऊ द्यायची. सतीश वैतागायचा. आता त्याचं वैतागणंही मला हवंहवंसं वाटतं.

एका वर्षी दिवाळीच्या फुलांच्या गर्दीत त्यांचं येणं लांबलं. पोरगी खेळत होती, जेवत होती, म्हणून श्रीकृष्णभाऊ हार-तोरणांचा हंगाम उरकून आले. अमरावतीहून निघताना तिच्या श्वासाला बारीकशी शिट्टी होती, तेवढी नेहमीच असायची. मूर्तिजापूर मागे पडलं आणि शिट्टी वाढली. मी आरशात बघितलं तर गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे, प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. श्रीकृष्णभाऊंना घाबरवलं असतं तर पोरगी रडली असती, आणि रडली असती तर वाट आणखी मिटली असती. मी त्यांना म्हटलं, "तिला उभीच धरा. निजवू नका. काही बोलायला लावू नका." डिकीत ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर नेहमी असायचं. गाडी थांबवून ते काढलं आणि मास्क तिच्या तोंडापाशी धरायला दिला. मागे फिरण्यापेक्षा अकोला जवळ होतं, आणि हत्यारंही तिथेच होती. सतीशला फोन केला आणि पुढे निघाले. बोरगाव मंजूपासून अकोला एवढं लांब आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

थिएटरच्या दाराशी सतीश उभाच होता. त्यानं श्रीकृष्णभाऊंना सरळ सांगितलं. दोन मार्ग आहेत. एक, गळ्याला बाहेरून भोक पाडायचं आणि नळी बसवायची. श्वास मिळेल, पण ही हराळी त्या वाटेनं छातीत उतरण्याची भीती, आणि मळ्यात, धुळीत, पाण्यात ती नळी सांभाळणं कठीण. दुसरा, वरून, तोंडातून प्रयत्न करायचा. जमलं तर या वेळी दोन्ही बाजू खरवडून साफ कराव्या लागतील, एरवी एका वेळी एकच बाजू करतो तसं नाही. मग आवाजाची खात्री देता येणार नाही.

श्रीकृष्णभाऊ माझ्याकडे वळले. "तुमी काय म्हणता जी?"

"वरून," मी म्हटलं. "नाही जमलं तर भोक आहेच."

"श्वास ठिवा मंग. आवाजाचं पाहू नंतर."

हे सगळं बोलणं त्यांच्या खांद्यावर मान टाकून ईश्वरी ऐकत होती. आम्ही मोठी माणसं मुलांच्या डोक्यावरून बोलतो आणि समजतो की त्यांना ऐकू येत नाही.

तिला बापाच्या मांडीवर बसवूनच झोपवायचं ठरवलं. मी पाठीमागून मास्क धरला. तिनं सवयीनं तो आपल्या हातात घेतला, थोडा दूर केला आणि श्वास पुरत नसताना तिचा प्रश्न विचारला.

"आधी झोप," मी म्हटलं.

ती झोपली. तिला अलगद टेबलावर घेतलं, श्वास तिचा तिचाच चालू होता, पण पिशवी माझ्या हातात जेमतेम हलत होती. सतीशनं गळ्यावर पाडायच्या भोकाची जागा धुऊन सुरी हातात घेतली. मी तोंडात प्रकाश घातला. समोर नुसती हराळी. दोन पांढरे स्वरतंतू दिसायला हवेत, त्यांच्यामधे काळी फट दिसायला हवी, तिथे फट नव्हतीच. गुलाबी झुबके एकमेकांना चिकटून बसलेले.

"छाती दाब," मी नर्सला म्हटलं. "हळू."

तिनं दाबली. झुबक्यांच्या मधे, उजवीकडे जरासं, लाळेचा एक बुडबुडा आला आणि फुटला. हवा जिथून आली तिथेच वाट असणार. "पुन्हा दाब." पुन्हा बुडबुडा. मी सगळ्यात बारीक नळी त्या बुडबुड्यावर टेकवली आणि सरकवली. क्षणभर अडली, मग आत गेली. पिशवी भरली. मी "भरली, भरली" असं मोठ्यानं म्हणत होते म्हणे, मला आठवत नाही. सतीशनं सुरी खाली ठेवली आणि एकदम स्टुलावर बसला.

मग त्यानं खूप वेळ, फार शांतपणे, दोन्ही बाजू साफ केल्या.

त्यानंतर हराळीचा जोर ओसरला. दोन वेळांमधलं अंतर वाढत गेलं. पण साफ केलेले दोन्ही तंतू पुढच्या बाजूनं एकमेकांना चिकटून भरून आले. सतीशनं ते एकदा सोडवून पाहिले, पुन्हा चिकटले. ईश्वरीचा आवाज कुजबुजीवरच थांबला. कुणाचं चुकलं म्हणाल तर कुणाचंच नाही. दोनपैकी एक वाचवायचं होतं, ते वाचलं. आजही तसंच करीन. पण ज्या मुलीला मी इतक्या वेळा "येईल" म्हटलं, तिला हाक मारता येत नाही, ही हळहळ काही केल्या जात नाही.

मग एके दिवशी ते यायचे थांबले. आमच्या कामात मूल न येणं हीच चांगली बातमी समजायची. किंवा फार वाईट. मध्ये काही नसतं. मी फोन केला नाही, सतीशलाही विचारलं नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती वाटली, असं समजा. नंतर माझ्या मानेच्या मणक्यांनी संप पुकारला, खाली वाकून लहानशा तोंडात बघणं जमेना, आणि मी काम थांबवलं. अकोल्याचा रस्ता सुटला. मूर्तिजापूरचा चहा सुटला. नवऱ्यानं एकदा विचारलं, "काय हवंय तुला नेमकं?" मी म्हटलं, "उशाशी बसायचंय." त्यानं काही थट्टा केली नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दंडवत मॅडम. श्रीकृष्ण बोलतो, रिद्धपूरकडचा. वयखलं काय?"

मी उठून उभीच राहिले. "ईश्वरी?"

"बेस हाये जी. हायस्कुलात हाये. सायकलीनं जाते, धापबी नाई लागत. सतीश डॉक्टरनं पाहिलं, हराळी आता दिसतच नाई म्हणे."

"आणि आवाज?"

"थो तेवढाच हाये जी. तुमच्यासंग बोलतो म्हणते. बेहोशीवाल्या मॅडमले फोन लावा म्हणून मांगंच लागली. देऊ काय तिच्याजवळ?"

फोन हातातून हातात गेल्याचा खडखडाट झाला. ती शेतात असावी, वारा होता. मग ती बोलायला लागली. समोर असती तर ओठांवरून कळलं असतं. फोनमधून ती कुजबुज येत नव्हती. मी फोन कानाला घट्ट दाबला, खिडकी लावली, पंखा बंद केला, तरी एक शब्द हाती लागला नाही. ऐकू येत होता तो फक्त दोन शब्दांच्या मधला श्वास. आत, बाहेर. मोकळा, भरभरून. शिट्टी नाही, घरघर नाही, अडणं नाही. ती मन लावून काहीतरी सांगत होती, भराभर, मधे हसलीही. आणि तो श्वास तसाच चालला होता. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि ऐकत राहिले.

मग पुन्हा श्रीकृष्णभाऊ आले. "ऐकू आलं काय जी? लय हळू बोलते पोरगी."

"आलं," मी म्हटलं. "द्या ना पुन्हा तिच्याजवळ."